पाट्याची कमान आणि गाडीचं बळ



आता बहुतेक गावांत पिकअप गाडी दिसते. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन, खताची पोती, सगळं तिच्यावरच जातं. अशी चार-पाच वर्षं गेली की गाडीची मागची बाजू खाली बसते. रिकामी गाडीसुद्धा मागे झुकलेली दिसते. भरली की रबरी बफर चासीला धडकायला लागतात. मग गॅरेजवाला म्हणतो, "एक पाटा वाढवून टाकू, गाडी वर येईल." काम दुपारपर्यंत होतं, खर्च बेताचा असतो. आपण हो म्हणतो.

हो म्हणण्याआधी थोडं थांबा. पाटा वाढवायचा, की सगळे पाटे बदलायचे? बदलायचे तर कोणते घ्यायचे? हे प्रश्न आजचे नाहीत. गाडीखाली पोलादी पाटे बसवायला लागून दोनशे वर्षं उलटली. एवढ्या काळात जे कळलं ते समजून घेतलं, तर आपले पैसेही वाचतील आणि घाटात जीवही.

बैलगाडीला पाटे का नव्हते?

आपल्या जुन्या बैलगाडीला पाटे नाहीत. साटा सरळ कण्यावर बसतो. चाक दगडावर चढलं की सगळी गाडी चढते, उतरलं की सगळी आदळते. तरीही शेकडो वर्षं काम भागलं. कारण उघड आहे. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. चाक मोठं, त्यामुळे लहान खड्डा त्याला कळत नाही. शिवाय साटा लाकडाचा, बांधणी दोराची, म्हणून थोडा लवतो. धक्का बसतो, पण गाडी मोडत नाही.

वेग वाढला की गणित बदलतं. तोच दगड, तीच गाडी, पण वेग दुप्पट झाला तर धक्का नुसता दुप्पट होत नाही, त्याहून बराच वाढतो. म्हणून जिथे घोडा धावायला लागला तिथे आधी इलाज शोधावा लागला. युरोपात पूर्वी घोडागाडीची बसायची पेटी कातडी पट्ट्यांवर टांगत. पेटी झुलत राही आणि आत बसलेल्याला बोट लागल्यासारखी मळमळ होई. पण हाडं तरी खिळखिळी होत नसत.

पाटा कसा आला?

१६७८ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने एक साधा नियम छापून जगापुढे ठेवला. स्प्रिंगवर जेवढं ओझं, तेवढी ती दबते. ओझं दुप्पट केलं तर दबणंही दुप्पट. ऐकायला ही गोष्ट अगदी साधी वाटते, पण आजही गाडीच्या पाट्याचा सगळा हिशोब याच नियमावर चालतो. पुढे आपणही याच नियमाने आपल्या गाडीची परीक्षा घेणार आहोत.

१८०४ साली लंडनच्या ओबडाया इलियट याने घोडागाडीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. त्याने पोलादी पट्ट्यांची दोन धनुष्यं समोरासमोर ठेवली आणि त्यांची टोकं जोडली. वर गाडीची पेटी आणि खाली कणा. पेटी थेट पाट्यांवर बसल्यामुळे खालची जड लाकडी तुळई काढता आली आणि गाडी हलकी झाली. टांग्याखाली आपण पाटे पाहिले आहेत, तेही याच घराण्यातले. पुढे वरचं धनुष्य गेलं, खालचं तेवढं राहिलं. आज तुमच्या पिकअपखाली आहे ते हेच अर्धं धनुष्य.

आता कुणी विचारील, चार-पाच पातळ पाटे कशाला, एकच जाड का नको? जाड पाटा वाकवला तर त्याच्या पाठीवर ताण फार येतो आणि तो मोडतो. पातळ पाटे एकमेकांवर सरकतात, प्रत्येक जण थोडं थोडं वाकतो आणि ओझं वाटून घेतो. मोळीतली प्रत्येक काठी वेगळी लवते, तसंच हे. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडीचं उडणंही थोडं आवरलं जातं.

जाडीचा हिशोब मात्र नीट ध्यानात घ्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे जाडी तीन वेळा गुणायची. ८ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी वाढली दोनच मिलिमीटर, पण कडकपणा झाला जवळजवळ दुप्पट. लांबीचं उलटं आहे. पाटा दहा टक्के लांब केला की तो सुमारे पाव हिश्शाने मऊ होतो. म्हणून "साधारण तेवढाच आहे, बसेल" असं म्हणून पाटा घेऊ नये. मोजपट्टी लावूनच घ्यावा.

अमेरिकेचा शेतकरी आणि फोर्डची गाडी

पाटा मोटारीखाली आला तेव्हा त्याची खरी कसोटी अमेरिकेच्या खेड्यांत लागली. १९०८ साली हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' गाडी बाजारात आणली. तिला दोनच स्प्रिंगा होत्या. एक पुढे आडवी, एक मागे आडवी. पोलाद व्हॅनेडियम मिसळलेलं, चिवट. गाडी जमिनीपासून उंच, म्हणून चिखलाच्या चाकोऱ्यांतून निघून जाई. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या झाल्या, आणि घेणाऱ्यांत शेतकरी पुष्कळ होते.

शेतकऱ्याच्या हाती गाडी आली की तो तिच्यावर माल टाकणारच! मागचा भाग कापून तिथे फळ्यांचा हौदा बसवायला लोकांनी सुरुवात केली. मग काय झालं? माणसं वाहायला केलेली स्प्रिंग मालाखाली दबली.

फोर्डने १९१७ साली काय केलं ते पाहा. एक टन माल नेणारी 'मॉडेल टीटी' काढली. नुसते पाटे कडक करून त्याने काम भागवलं नाही. चासी जास्त दणकट केली, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०० इंचांवरून १२४ इंचांवर नेलं आणि मागचा अॅक्सल वेगळा, भारी दिला. ओझं वाढवायचं तर चासी, अॅक्सल आणि पाटा मिळून वाढवावे लागतात, हे त्याला कळलं होतं.

मग १९२५ साली फोर्डने कारखान्यातूनच हौदा बसवून आलेली छोटी गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. फोर्डच्या कारखान्यातून आलेली ही पहिली पिकअप. हौदा, मागे उघडणारी फळी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे मागे जास्त दणकट पाटे. कारखानदाराने पाटे आधी ओझ्यासाठी बदलले, मग गाडी विकली. ओझं किती ते आधी ठरलं आणि पाटा त्यावरून ठरला. आपण बहुतेक वेळा उलट करतो. पाटा आधी वाढवतो आणि मग म्हणतो, आता चार गोण्या जास्त बसतील.

जीप मुंबईला आली

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी सहा लाखांहून जास्त जीप बांधल्या. चारही चाकांवर पाटे. सैन्याच्या दफ्तरी या गाडीचा वर्ग होता पाव टनाचा. युद्ध संपताना, १९४५ साली, विलीजने हीच जीप शेतकऱ्यासाठी काढली. नांगर ओढा, माल न्या, पट्ट्यावर यंत्र चालवा, अशा तिच्या जाहिराती होत्या.

तिची शाखा आपल्याकडे आली. महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला घेतल्या. १९४९ साली त्यांची पहिली तुकडी तयार झाली. पाव टनाच्या या गाडीच्या वंशावर आपल्याकडे किती माणसं बसली, हे वडापने प्रवास केलेल्याला सांगायला नको. पुढे १९८६ साली टाटांची ४०७ आली, १९८८ साली टाटामोबाईल पिकअप आली, आणि २००५ साली आलेल्या टाटा एसला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटलं. नावं बदलली, इंजिनं बदलली. पण मागच्या चाकांवर माल झेलायला पोलादी पाटेच राहिले. ते स्वस्त आहेत, दणकट आहेत, आणि एक पाटा मोडला तरी गाडी बहुधा हळूहळू घरी येते.

कमान गेली म्हणजे बळ गेलं नव्हे

आता मूळ मुद्द्यावर येऊ. गाडी खाली बसली म्हणजे पाटे मऊ झाले, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. पोलादाचा कडकपणा वापराने फारसा कमी होत नाही. कमी होते ती कमान. वर्षानुवर्षं जास्त ओझं आणि खड्डे यांनी पाटा कायमचा सरळ होत जातो. म्हणजे गाडीची उंची गेलेली असते, बळ नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या मोजता येतात. हूकसाहेबाचा नियम इथे कामी येतो.

गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. मागच्या चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. दोन्ही बाजूंनी मोजा आणि वहीत लिहा. मग ५० किलोच्या १० गोण्या, म्हणजे ५०० किलो, मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर रचा. पुन्हा मोजा.

समजा रिकामी असताना अंतर ४८ सेंटिमीटर होतं आणि गोण्या ठेवल्यावर ४३ झालं. म्हणजे ५०० किलोला गाडी ५ सेंटिमीटर दबली. सेंटिमीटरला १०० किलो. हे तुमच्या पाट्यांचं बळ. नवी गाडी घेतली त्याच आठवड्यात हे आकडे लिहून ठेवा. दर वर्षी पुन्हा मोजा.

चार वर्षांनी रिकामी मोजली तर ४५ आली, आणि ५०० किलोला पुन्हा ५ सेंटिमीटरच दबली. याचा अर्थ बळ तेवढंच आहे, कमान तेवढी ३ सेंटिमीटर गेली आहे. इथे मूळच्याच मापाचा नवा पाट्यांचा संच घालणं हा इलाज. पाटा वाढवणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

५०० किलोला ५ ऐवजी ७ सेंटिमीटर दबली, किंवा एकच बाजू जास्त दबली, तर मात्र एखादा पाटा मोडलेला असेल किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल. गाडी वर उचलून, पाटे धुऊन तपासा. भेग बहुधा बोल्टच्या भोकाजवळ किंवा पाट्याच्या टोकाजवळ सापडते.

आणि दोन्ही आकडे नव्या गाडीसारखेच निघाले, तरीही माल भरल्यावर गाडी बफरवर टेकत असेल, तर दोष पाट्याचा नाही. ओझं जास्त होतंय. भुईकाट्यावर भरलेली गाडी तोला. मग नुसती मागची चाकं काट्यावर घेऊन तोला. आरसी बुकात भरल्या गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा.

गाडी वर घेण्याच्या वाटा

गॅरेजात चार-पाच वाटा सुचवतात. प्रत्येकीचं नफा-नुकसान समजून घ्या.

पहिली वाट, जुन्या पाट्यांना कमान मारून घेणं. स्वस्त पडते. पण विळ्या-कुऱ्हाडीला पाणी कसं देतात, हे तुम्ही लोहाराकडे पाहिलं आहे. पाटा कारखान्यात तापवून तेलात विझवतात, मग ठराविक उष्णतेला पुन्हा तापवतात. भट्टीत लाल करून नुसता वाकवला तर ते पाणी उतरतं. नुसता हातोड्याने ठोकला तर घाव बसलेल्या जागी भेग धरते. असा पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा मोडतो.

दुसरी वाट, पाटा वाढवणं. पाच पाट्यांत तसलाच सहावा घातला तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. आपल्या उदाहरणात सेंटिमीटरला १०० ऐवजी १२० किलो. हजार किलोला १० ऐवजी ८.३ सेंटिमीटर दबणार. म्हणजे फायदा पावणेदोन सेंटिमीटरचा. पण हा कडकपणा अर्ध्या गाडीलाही भोगावा लागतो. द्राक्षं, टोमॅटो नेणाऱ्याने हे विसरू नये. गाडी उडाली की माल फुटतो, आणि बाजारात भाव फुटक्या मालावर पडतो. ज्याची गाडी बारा महिने जड मालानेच भरलेली असते, त्यालाच ही वाट थोडीफार फायद्याची. तीही आरसी बुकातल्या वजनाच्या आत राहूनच.

तिसरी वाट, अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणं. उंची वाढते, बळ वाढत नाही. ब्रेक लावताना आणि गाडी उचल घेताना अॅक्सल पिळवटतो. लाकडी ठोकळा किंवा एकावर एक दोन ठोकळे तर कधीच घालू नयेत.

चौथी वाट, लांब शॅकल. शॅकल ५ सेंटिमीटर लांब केला तर गाडी सुमारे अडीच सेंटिमीटर वर येते. इथेही बळ वाढत नाही. पुढच्या पाट्यांना असा शॅकल लावला तर चाकांचा कल बदलतो आणि स्टिअरिंग सरळ धरत नाही.

पाचवी वाट, मूळ मापाचा नवा संच. खर्च जास्त, पण उंची आणि बळ दोन्ही कारखान्याने ठरवल्याप्रमाणे परत मिळतात. ऑस्ट्रेलियात दूर पल्ल्याच्या कच्च्या रस्त्यांवर पिकअप चालवणारे लोक स्प्रिंग घेताना दुकानदाराला आधी गाडीवरचं कायमचं ओझं किती किलो ते सांगतात, आणि त्या हिशोबाने स्प्रिंग निवडतात. ही चाल आपणही उचलावी.

ब्रेकची गोष्ट

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. गाडी किती दबली आहे, यावरून तो ओझं ओळखतो. गाडी दबलेली असली तर मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, वर असली तर कमी.

आता तुम्ही ठोकळा घालून किंवा पाटा वाढवून गाडी वर घेतली. माल भरला तरी गाडी उंचच. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी देतो. वर भरपूर ओझं, समोर घाटाचा उतार, आणि मागची चाकं अर्धाच ब्रेक घेताहेत! वरून गाडी उंच झाल्याने वळणावर कलंडायची भीती वेगळी. म्हणून पाट्यांना हात लावला की हा व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिककडून पुन्हा जुळवून घ्यायलाच हवा.

कायद्याचंही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करायला मनाई करतं. अपघात झाला तर विम्याची माणसं पहिल्यांदा गाडीखाली वाकून पाहतात.

पाटे घेताना हे लक्षात ठेवा

१. आधी मोजा, मग बोला. रिकामी उंची, ५०० किलोची उंची आणि काट्यावरचं वजन, हे तीन आकडे घेऊन दुकानात जा.
२. जुन्या पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी आणि लांबी मोजून न्या. गाडीचं मॉडेल आणि साल सांगा.
३. दोन्ही बाजूंचे संच एकदमच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी तिरकी बसते. काही गाड्यांत डाव्या-उजव्या पाट्याची कमान मुळातच वेगळी असते, म्हणून अदलाबदल करू नका.
४. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बुश नवे घाला. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा आवळू नये. थोडे दिवस गाडी चालवून सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.
५. शॉकअप ओझं पेलत नाही, तो फक्त उडणं आवरतो. गळका शॉकअप पाट्यांबरोबरच बदला.
६. काम झालं की ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि हेडलाइटचा झोत तपासा. मागे दबलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

मंडळी, दोनशे वर्षांत पोलाद सुधारलं, गाड्या सुधारल्या, पण नियम तोच राहिला. पाटा ओझं पाहून घ्यावा, ओझं पाटा पाहून वाढवू नये. ठोकळा आणि लांब शॅकल गाडी नुसती उंच दाखवतात. बळ मात्र पाटा, चासी, अॅक्सल आणि ब्रेक यांच्यात मिळून असतं. हे पत्रक गाडीच्या कागदांबरोबरच ठेवा. शेजाऱ्याची पिकअप मागे झुकलेली दिसली तर त्यालाही वाचून दाखवा, आणि गॅरेजला जाण्याआधी दोघं मिळून मोजपट्टी लावा.